सात हात वॉर्निश

माणसाच्या हातून मूर्खपणा होतोच. तुमच्या हातून झाला असेल, ह्याच्या हातून झाला असेल. पण तुमच्यापैकी कुणाचा मूर्खपणा सरकारी रेकॉर्डला जमा आहे का? नंबर टाकून, शिक्का मारून, कुलपात? माझा आहे! हातभर लांब, वीतभर रुंद, वर पितळेची कडी.

बसा. चहा सांगितलाय. बिस्किटं माझ्याच टेम्पोतली आहेत, रोज हीच तर पोचवत फिरतो शहरभर. खा. आणि हसायचं तिथं हसा, मला वाईट वाटणार नाही. वाटायचं तेवढं वाटून झालंय.

तर आमचा मिलिंददादा.

दादा सरकारी कचेरीत कारकून. वडील लवकर गेले, म्हणून मला वाढवलं त्यानं. बरकतपुऱ्यातल्या दोन खोल्यांत आई, दादा आणि मी. आठवीत मी शाळा सोडली. शाळेला काही फरक पडला नाही, दादाला पडला. आठ दिवस जेवला नाही नीट. मराठी मी बोलतो फाडफाड, वाचायला दिलं की बैलगाडी. तेलुगू पाट्यांपुरती. उर्दू बोलायला नवाब, वाचायला शून्य. आम्हा हैदराबादच्या मराठी पोरांचं असंच आहे हो. चार भाषांत भांडायचं आणि एकीत कशीबशी सही करायची.

दादाला एक नाद होता. तुम्हाला वाटेल पत्ते, पान, क्रिकेट. छे! रविवारी दुपारी हा माणूस मांडी घालून बसायचा आणि जुन्या लग्नपत्रिकांतली फुलं कापायचा. फुलं, वेली, मोर, पोपट. मग त्या लाकडी पेट्यांवर चिकटवायचा. पांढरा गोंद पाण्यात पातळ करायचा, ब्रशनं लावायचा, चित्र ठेवायचं, मधली हवा बोटानं हळूहळू कडेला ढकलायची. वाळलं की वरून वॉर्निश. एक हात, मग दिवसभर सुट्टी. मग बारीक पॉलिश पेपर, मग दुसरा हात. बोट फिरवलं तर कागद लागू नये, लाकडावरच रंगवल्यासारखं वाटलं पाहिजे.

"याला डेकूपाज म्हणतात, संघ्या. फ्रेंच शब्द आहे."

"फ्रेंच असो नाहीतर फलकनुम्याचा असो," मी म्हणायचो, "बाप्या माणसानं फुलं कापत बसणं शोभत नाही, दादा. लग्न झालंय तुझं."

वहिनी शेजारी बसून गोंद ढवळत असायची. ती हसायची. दादा नाही हसायचा. तो पत्रिका वाचत असायचा. हां, हे लक्षात ठेवा. कात्री लावायच्या आधी तो प्रत्येक पत्रिका वाचायचा. मोठ्यानं! मराठी, तेलुगू, इंग्रजी. उर्दू असली तर कचेरीतल्या जब्बारचाचांकडून वाचून आणायचा. मुलाचं नाव, मुलीचं नाव, गाव, तारीख.

"कुणाचं तरी लग्न आहे ना हे? त्यावर कात्री चालवतोय आपण. निदान नाव तरी घ्यावं माणसानं. कापायच्या आधी वाच, संघ्या. एवढं एकच लक्षात ठेव."

मी कुठला लक्षात ठेवतो!

ते दिवस राज्य फुटायचे. आठवतंय ना? घरोघरी एकच बोलणं. दादाच्या कचेरीत तर कपाटांवर, टेबलांवर, पंख्यांवर खडूनं लिहून ठेवलेलं, हे इकडचं, ते तिकडचं. माणसांवर तेवढं खडूनं लिहिता येत नव्हतं म्हणून कागद मागत होते. तू इकडचा की तिकडचा? पुरावा दे. दादाला यादी करणाऱ्या मॅडमनं विचारलं, "तेलंगाना या आंध्रा?"

दादा म्हणाला, "मराठी."

मॅडम म्हणाली, "वो कॉलम नहीं है."

आता आली का पंचाईत? जन्म इथला, शाळा इथली. पण ती शाळा बंद पडलेली आणि तिचं रजिस्टर कुठं गेलं ते कुणालाच माहीत नाही. शेवटी आईच्या ट्रंकेतून आजोबांचा एक कागद निघाला. आजोबा नांदेडकडून इथं आले, पाण्याच्या खात्यात लागले, तेव्हाचा निजामाच्या काळातला दाखला. अमुक अमुक माणूस या शहराचा रहिवासी आहे, म्हणून. सगळा उर्दूत. दादानं त्याची झेरॉक्स कचेरीत दिली आणि मूळ कागद घरी जपून ठेवला. मी तेव्हा टेम्पोवर. 'आजोबांचा कसला तरी कागद सापडला' एवढंच कानावर आलं. बघितला नाही.

जपून ठेवला म्हणजे कुठं? जुना कागद, घडी घातली की तुकडा पडायचा. म्हणून दादानं तो सपाट राहावा म्हणून जाड जाड लग्नपत्रिकांच्या मधे दाबून ठेवला. उर्दू पत्रिकांच्या गठ्ठ्यात.

तुम्हाला कळलं वाटतं पुढं काय होणार. मला नव्हतं कळलं.

मग दादा गेला.

तीन दिवसांचा ताप. पहिल्या दिवशी मीच म्हणालो, "काय नाटक करतोस, गोळी खा आणि जा कचेरीत." त्यानं गोळी खाल्ली आणि गेला कचेरीत. चौथ्या दिवशी आम्ही त्याला घेऊन घरी आलो ते कसे, ते जाऊ द्या. चहा घ्या.

माणसं भेटायला यायची. आईजवळ बसून म्हणायची, "चांगली माणसं लवकर जातात हो." आणि जाताना माझ्या पाठीवर हात फिरवून म्हणायची, "तुला उदंड आयुष्य लाभो बाळा!" आता याचा अर्थ मी काय घ्यायचा? सांगा ना!

वहिनी रडत नव्हती, बोलत नव्हती, भाजी निवडत बसायची. लग्नाला दोनच वर्षं झालेली. तिचे भाऊ नांदेडहून आले होते. त्यांचं म्हणणं साधं होतं. दादाच्या जागी तिला सरकारी नोकरी मिळते, ती इथं मिळाली तर राहू दे तिला. पण नाव तिकडच्या, आंध्राच्या यादीत गेलं, तर ती एकटी बाई परक्या मुलखात कुठं जाणार? मग आम्ही तिला घरी नेणार. आई? नुसता वहिनीचा पदर हातात धरून बसली, लहान पोरानं धरावा तसा. आमच्या घरात उरलेलं शहाणं माणूस एकच होतं, आणि ते आई नव्हती, मी तर नव्हतोच.

आता माझ्याकडे या.

दादाचं पुण्यानुमोदन, म्हणजे श्रद्धांजलीचा कार्यक्रम, उद्यावर आला होता. भंतेजी येणार, दादाचा फोटो पांढऱ्या कापडावर ठेवणार, मेणबत्त्या लावणार. मी सकाळपासून घरात येरझारा घालत होतो. भाड्याच्या खुर्च्या आणल्या, परत मोजल्या, परत मांडल्या. आणि कपाटावर मला ती पेटी दिसली. सुक्यामेव्याची लाकडी पेटी. दादानं घासून, पांढरा रंग देऊन ठेवलेली. झाकणावर एक फूल नव्हतं. आणि तिच्यावर वहीत दाबलेला एक पोपट. लाल चोचीचा, हिरवा, इवलेइवले पंजे, नख न् नख सुटं कापलेलं. ताप यायच्या आदल्या रविवारी कापला होता.

डोक्यात एकदम आलं. ही पेटी मी पुरी करणार! उद्या फोटोसमोर ठेवणार, आत त्याचा चष्मा, घड्याळ आणि ती छोटी कात्री. जन्मभर त्याला हसलो, आता एक दिवस त्याचं काम करीन. कुणाला विचारलं? नाही. थांबलो? माझ्या रक्तातच नाही.

पत्रिकांचा गठ्ठा काढला. जाड कागद नीट चिकटेना, फुगायला लागला. आणि तेवढ्यात गठ्ठ्याच्या मधून एक पत्रिका निघाली... अहाहा! पातळ, पिवळसर, चहा सांडल्यासारखा रंग. काळ्याभोर शाईत वळणदार उर्दू अक्षरं. वरच्या बाजूला हा एवढा गोल शिक्का. मी म्हटलं, वा रे खानदान! काय पूर्वीच्या लोकांच्या शाद्या, काय रुक्के छापायचे! आता तसली पत्रिका कुठं बघायला मिळते?

आईची बांगडी ठेवून शिक्का गोल कापला. झाकणाच्या मधोमध सूर्य! अक्षरांच्या ओळी कापून पाकळ्या केल्या, गुलाब केला. उरलेल्या पट्ट्यांची पानं केली आणि चारही बाजूंनी वेल फिरवली. आणि कागद काय बसला म्हणता! गोंद लागला की लाकडावर असा झोपायचा, जसा काही जन्मापासून तिथलाच. एका पानाखाली तेवढा हवेचा फुगा राहिला आणि बोटानं ढकलताना पान जरासं फाटलं. मी त्यावर दादाचा पोपट बसवला. झाकलं गेलं, आणि शोभाही आली.

मग वॉर्निश. दादा दोन हात द्यायचा. मी सात दिले. प्रेम जास्त होतं ना! एक हात दिला की पेटी पंख्यासमोर, दहा मिनिटांनी दुसरा. संध्याकाळपर्यंत पेटी अशी चमकायला लागली की आरशाची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी जो तो पेटीपाशी थांबला. आईनं झाकणावरून हात फिरवला आणि पहिल्यांदा मोठ्यानं रडली. मी खांब धरून उभा. मला वाटलं, आयुष्यात एक काम बरोबर केलं.

फक्त सात हात वॉर्निश एका दिवसात वाळत नाही, हे मला माहीत नव्हतं. आमचे मामा पेटीवर हात ठेवून दोन शब्द बोलायला उभे राहिले आणि त्यांचा हात निघेना! माणसाला शोभेल असं ते ओढूनही बघत होते. सुटेपर्यंत बोलत राहिले. दादाचं बालपण झालं, शाळा झाली, नोकरी झाली, देशाची परिस्थिती झाली. लोकांना वाटलं, मामा गहिवरलेत. हात सुटला तसे मामा म्हणाले, "आणि एवढं बोलून मी थांबतो." पेटीकडे बघून मला हळूच विचारलं, "यावर हे उर्दू काय लिहिलंय रे?"

"कुणाच्या तरी शादीचा रुक्का आहे, मामा."

"भावाच्या पेटीवर परक्याचं लग्न? धन्य आहेस!"

परक्याचं! ऐका.

पंधरा दिवसांनी कचेरीतून निरोप आला. वाटणीच्या घोळात दादाची फाईल कुठल्या कपाटात गेली ते सापडत नाही. वहिनीची केस चालवायची तर आजोबांचा मूळ कागद सोमवारी आणा. नाहीतर नाव तिकडच्या यादीत.

वहिनीनं गठ्ठा उघडला. परत उघडला. मग मला हाक मारली.

"भाऊजी, आजोबांचा कागद बघितला का तुम्ही?"

"कसला कागद?"

"पिवळट. पातळ. उर्दूत आहे. वर गोल शिक्का."

मी पेटीकडे बघितलं. पेटी माझ्याकडे बघत होती.

"नाही बा," मी म्हणालो. देवाशप्पथ, तोंडातून आपोआप गेलं. "असला कागद मी जन्मात बघितला नाही."

वहिनी बाजारात गेली तशी मी पेटी घेऊन स्वयंपाकघरात. कुणीतरी सांगितलेलं आठवत होतं, वाफेनं चिकटवलेलं सुटतं. इडलीचं भांडं चढवलं आणि झाकण उलटं करून वाफेवर धरलं. अर्धा तास! काय सुटलं म्हणता? माझ्या बोटांचं कातडं. वॉर्निश तेवढं धुक्यासारखं पांढरट झालं. सूर्य होता त्याचा चंद्र झाला.

आई दारात येऊन म्हणाली, "अगं बाई, आज इडल्या? भिजत कधी घातलंस?"

आणि तिच्या मागे वहिनी. पिशवी हातात. तिनं वाफेकडे बघितलं, झाकणाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं पिशवी खाली ठेवली, झाकण माझ्या हातातून घेतलं, पदरानं पुसलं.

"ते एकच गोष्ट सांगायचे तुम्हाला," ती म्हणाली.

बस्स. दोन दिवस बोलली नाही. आधीही बोलत नव्हती म्हणा, पण ते न बोलणं वेगळं होतं.

शनिवारी मी सुलतान बाजारात झेरॉक्सच्या दुकानात गेलो. म्हटलं, निदान कॉपी तरी निघेल. पोऱ्यानं पेटी बघितली, मला बघितलं.

"क्या भाई? कल अलमारी लाते क्या?"

"तू काच पे रख ना यार, इमर्जन्सी है."

ठेवली. काढली कॉपी. निघाला काळाकुट्ट चौकोन आणि मधे ट्यूबलाइट! सात हातांची चमक हो! झेरॉक्सवाला म्हणाला, "एक्स-रे निकालो भाई, सामने दवाखाना है."

सोमवारी टेम्पोत पुढं मी, वहिनी आणि तिच्या मांडीवर पेटी. नामपल्लीच्या सिग्नलला मी म्हणालो, "वहिनी, नाही झालं तर मी..." पुढं काय म्हणणार होतो, मलाच माहीत नाही. वहिनी म्हणाली, "समोर बघून चालवा."

कचेरीत मॅडम. चष्मा, गजरा, समोर फाइलींचा डोंगर.

"ओरिजिनल?"

मी पेटी टेबलावर ठेवली.

"टिफिन बाद में खाओ, बाबू. पहले ओरिजिनल."

"यही है मॅडम."

"ये क्या है?"

"डेकूपाज."

"कौन से डिपार्टमेंट का है?"

मी सगळं सांगितलं. चार भाषा वापरल्या. मॅडमनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. "अय्यो रामा," म्हणाली आणि घंटी वाजवली. जब्बारचाचा आले. पांढरी दाढी, रिटायर व्हायला आलेले. दादाला ते उर्दू पत्रिका वाचून दाखवायचे ना, तेच. त्यांनी पेटी बघितली आणि उभ्या उभ्याच डोळे पुसले.

"मिलिंद की है ना ये?"

"हौ चाचा. पर फुलं मेरी हैं."

"वो तो दिखरा, मियाँ," चाचा म्हणाले. "उनके हाथ में सफाई थी."

मग वाचायला बसले. मी तुम्हाला खरं सांगतो, असलं वाचन त्या कचेरीत आधी झालं नाही, पुढंही होणार नाही.

"सूरज तो मुहर है. असली है, मॅडम. नाम किधर है मियाँ?"

"गुलाब में, चाचा."

"हौ, मिला. आगे 'वल्द' लिखेला है. अब बाप का नाम होना. बाप किधर गए?"

"पीछे. बेल का तीसरा पत्ता देखो."

"ये तो उलटा चिपकाया!"

चाचा पेटी फिरवतात, मी त्यांच्याबरोबर फिरतो. इकडचे आले, तिकडचे आले, खडूच्या रेघा ओलांडून सगळे त्या टेबलाभोवती. कुणी म्हणे नोकरीचं नाव कडीखाली आहे, कुणी म्हणे नाही, वेलीत आहे. एक जण पैजेवर आला होता. "तुमने तो दादाजी का बगीचा लगा दिया, मियाँ," चाचा म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो. वहिनी भिंतीला टेकून उभी होती.

"रहते कहाँ थे, वो चाहिए," मॅडम म्हणाली. "मेन वही है."

"साकिन... मिला! साकिन बोले तो रहनेवाले. इसके आगे..." चाचांचं बोट थांबलं. "इसके आगे तोता बैठा है."

सगळ्यांची डोकी पोपटावर वाकली.

"उसके नीचे है तो देखना पड़ेगा," मॅडम म्हणाली. वाईट बाई नव्हती हो ती. हळू म्हणाली.

"रहने दो ना मॅडम," मी म्हणालो. "नाम है, मुहर है, बाप है. तोते में क्या होता?"

"बाबू, बिना उसके मैं कैसे लिखूँ?"

मी पेटी उचलली. खरंच उचलली! छातीशी धरली आणि दाराकडे वळलो. तेव्हा माझ्या डोक्यात नोकरी नव्हती, यादी नव्हती. तो पोपट तेवढा होता. वहिनी आडवी आली. तिनं माझ्या हातातल्या पेटीचं झाकण उघडलं, आतून दादाची छोटी कात्री काढली आणि माझ्यापुढं धरली.

"काढा, भाऊजी."

"वहिनी, हा त्यानं..."

"मला माहीत आहे कुणी कापलाय. मी शेजारी बसले होते. काढा."

मी काढला.

सात हात वॉर्निश! आख्खा निघतो की काय? टोकानं खरवडला. आधी चोच निघाली, मग डोळा, मग पंख कणाकणानं. मग ते पंजे. वहिनीनं खाली ओंजळ धरली होती, एक कण जमिनीवर पडू दिला नाही. माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी, पुढचं दिसेना. मधेच कुणीतरी पंखा बंद केला, कण उडू नयेत म्हणून. शेपूट तेवढं निघालं नाही. राहिलं.

चाचा वाकले. "काचीगुडा," ते म्हणाले. "बल्दा हैदराबाद." आणि माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी समजावलं, "बल्दा बोले तो शहर, बेटा. शहर के ही हो तुम लोग."

मॅडमनं लिहून घेतलं. मग पेनचं टोक पेटीला लावून म्हणाली, "ओरिजिनल जमा करना पड़ता."

वहिनीनं चष्मा काढून घेतला, घड्याळ काढून घेतलं, पोपटाचे कण रुमालात बांधले. फॉर्मवर 'सोबत जोडलेली कागदपत्रे' असा रकाना होता. मॅडमनं पेन दोनदा झटकलं आणि लिहिलं, 'लाकडी पेटी, एक, झाकणासह.' शिक्का मारला. जब्बारचाचा पेटी दोन्ही हातांनी धरून रेकॉर्ड रूमकडे गेले. दादाला नेलं तेव्हाही मी असाच मागे उभा होतो.

तीन महिन्यांनी वहिनीची ऑर्डर आली. इथंच, हैदराबादेत. तिचे भाऊ येऊन डोळे पुसून गेले. वहिनी सकाळी डबा घेऊन निघते, आई तिला कोपऱ्यापर्यंत सोडायला जाते. माझ्याशी बोलायला लागली आहे. परवा म्हणाली, "भाऊजी, भाजी आणा." चांगली सुरुवात आहे.

संपला असता किस्सा इथंच. पण तुम्ही मला ओळखता.

त्या दिवशी मॅडमनं एक पावती दिली होती. तपासणी झाली की ही पावती दाखवा आणि पेटी परत न्या. वहिनीनं ती माझ्या हातात दिली. का दिली, देव जाणे. विश्वास टाकून बघावा म्हणाली असेल. "जपून ठेवा," एवढंच म्हणाली.

आता मी ठरवलं होतं, या वेळी चूक नाही. घरी येऊन पावती वाचली. सगळी! बैलगाडी हाकत, एकेक अक्षर. अडलं तिथं वहिनीला विचारलं. नंबर, तारीख, शिक्क्यातला मजकूर, सगळं मोठ्यानं वाचलं. कात्री हातात घेतली नाही. आणि मग कुठंतरी पडेल, हरवेल, उंदीर खाईल, या भीतीनं...

काल निरोप आलाय, तपासणी झाली, पावती घेऊन या, पेटी घेऊन जा. वहिनी म्हणाली, "भाऊजी, पावती?"

आमच्या लोखंडी कपाटाच्या दाराला आतून लावलीय. चारी कोपरे सपाट, एक फुगा नाही. दादानं बघितलं असतं तर शाबासकी दिली असती. वरून सात हात.

तर सोमवारी कपाट न्यायचं आहे कचेरीत. टेम्पोत बसतं का ते मोजून आलो, आडवं केलं तर बसतं. उचलायला दोघंतिघं लागतील, म्हणून तर तुम्हाला चहा पाजतोय. झेरॉक्सवाल्यापुढून जाताना तेवढं तोंड लपवा.

आणि दादा, या वेळी मी आधी वाचलं होतं रे. कापलं तर नाहीच. पण चिकटवू नकोस, असं तू कधी सांगितलं होतंस?